परदेशातल्या नातेवाइकांकडे जाताना सातारा-सांगलीहून काय न्यावं

मुलाकडे, भाच्याकडे किंवा नणंदेकडे परदेशी निघायचं ठरलं की साताऱ्यात पहिलं नाव निघतं ते कंदी पेढ्यांचं. आणि नेमके तेच सगळ्यात जास्त ठिकाणी अडतात. पेढा म्हणजे आटवलेलं दूध. ब्रिटन आणि युरोपीय संघातले देश भारतातून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानात दुधाचे पदार्थ चालवून घेत नाहीत, ऑस्ट्रेलियात पेढा-बर्फीला मनाईच आहे. यामागे लाळ्या-खुरकताची भीती आहे. हा रोग आपल्या गुरांत आहे, त्यांच्या गुरांत सहसा नसतो, आणि दुधातून तो जाऊ शकतो. ज्यांच्या गोठ्यात चार जनावरं आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून आधी देश बघा, मग वस्तू ठरवा. दुकानात पाऊल त्यानंतरच.

दुबई-मस्कतकडे पेढे नेताना सहसा अडचण येत नाही. तिथे न्यायचे असतील तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घ्या, आणि गार झालेलेच घ्या. कोमट पेढे डब्यात बंद केले की झाकणाला आतून घाम येतो, तो पेढ्यांवर उतरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी बुरशी दिसते. खवा चांगला तपकिरी होईपर्यंत भाजलेला असेल तर ओलावा कमी, म्हणून टिकतोही जास्त. फिकट, मऊ पेढा प्रवासाला घेऊ नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत खोका ठेवून मुंबईपर्यंत नेणं टाळा, तो पायाशी ठेवा.

बाकी सगळ्या देशांसाठी आमची पहिली पसंती सांगलीच्या हळदीला आहे. 2018 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वजनाला हलकी, वर्षभर टिकणारी, आणि तिकडच्या भारतीय दुकानातल्या हळदीपुढे वास-रंगात उजवी. घेताना अख्खं हळकुंड मोडून बघा. आतून गडद केशरी-पिवळं आणि कडक हवं. वरची चकाकी पॉलिशची असते, तिच्यावर जाऊ नका. हळकुंडं घेऊन ओळखीच्या गिरणीत दळून आणणं उत्तम. तयार पूड घेतलीत तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी भडक पिवळं झालं तर रंग मिसळलाय, ती पूड देऊ नका. एका घराला अर्धा किलो पुष्कळ होते, पाव-पाव किलोच्या दोन पिशव्या करा. नवी हळद बाजारात फेब्रुवारीपासून येते. मे-जूनमध्ये निघणाऱ्यांनी ती तेव्हाच घेऊन ठेवावी.

त्याच जोडीला तासगाव-सांगलीकडचे बेदाणे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून सावलीत जाळ्यांवर वाळवतात, म्हणून हिरवट रंग राहतो. पिवळाधमक माल बहुतेक गंधकाची धुरी दिलेला असतो. पिशवी उघडून नाकाशी धरा, झोंबलं तर लहान मुलांच्या घरी तो नको, दम्याचा त्रास असलेल्यांना तर मुळीच नको. मूठभर दाबून सोडा. दाणे सुटे झाले तर घ्या, गोळा राहिला तर ओलावा जास्त आहे. हिरवा बेदाणा उष्णतेत काळवंडतो, तेव्हा घरी आणल्यापासून निघेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा आणि यजमानांनाही तसं सांगा.

कांदा-लसूण मसाला मात्र विचार करून. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत त्यात खसखस पडते, आणि संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापुरात खसखस आणणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो. अनारशांचंही तेच, वरून लावलेली खसखस सगळ्यांना दिसते. या दोन ठिकाणी जायचं असेल तर खसखशीविना वेगळा मसाला कुटून घ्या, आधीच्या घाण्यातला उरलेला त्यात मिसळू नका. मसाल्यात तेल असतं, ते पिशवीच्या शिवणीतून झिरपतं आणि सोबतच्या साड्यांची वाट लागते. आधी बरणी, बरणीवर पिशवी, त्यावर दुसरी पिशवी. तिखट, मसाला, लोणचं यांतलं काहीही हातातल्या बॅगेत नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर घरीच राहू द्या. खोबऱ्यात तेल असल्याने विमानात ते पेट घेणाऱ्या मालात मोजलं जातं.

ओटीचा विचार बहुतेकांना ऐन वेळी सुचतो. वहिनीची किंवा सुनेची ओटी भरायला इथून तांदळाची पुरचुंडी बांधली जाते, पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे भारतातून प्रवाशाने तांदूळ नेणं बंद आहे, कारण खाप्रा भुंगा, म्हणजे साठवलेलं धान्य पोखरणारी कीड. ऑस्ट्रेलियात कच्चे शेंगदाणे, हरभरे, डाळी, जिरे, धणे, सुक्या मिरच्या हेही त्याच यादीत येतात. ओल्या नारळाचं आणि ताज्या फळांचं नावच काढू नका. खण, हळद-कुंकू, हवं तर साडी इथून न्या. तांदूळ तिथल्याच डब्यातले घ्या, ओटीला काही उणं पडत नाही. साडी दिलीत तर फॉल-पिको करून आणि ब्लाऊज शिवून द्या. तिकडे शिलाई इतकी महाग की नुसती साडी वर्षानुवर्षं कपाटात घडीत राहते.

भडंग सगळ्यांना आवडतं, आणि घरातली मराठी न बोलणारी सून किंवा जावईसुद्धा पहिल्या घासात त्याच्या प्रेमात पडतात. वजन काही नाही, पण जागा खातं. दुकानदाराला व्हॅक्यूम पॅकिंग करू देऊ नका, चुरमुऱ्यांचा चुरा होतो. हळद, मसाला, बेदाणे यांना व्हॅक्यूम चालतं. भडंग साध्या जाड पिशवीत, थोडी हवा ठेवून सील करा आणि बॅगेत सगळ्यात वर कपड्यांच्या मध्ये ठेवा. लसूण नीट कुरकुरीत तळलेला हवा. मऊ राहिला तर आठवड्यात खवट वास येतो.

महाबळेश्वरचा मध युरोपात आणि ब्रिटनमध्ये माणशी दोन किलोपर्यंत चालतो, न्यूझीलंडमध्ये अजिबात नाही. तो द्रव धरला जातो, त्यामुळे शंभर मिलीच्या वरची बाटली मोठ्या बॅगेतच.

खाण्याशिवाय काही द्यायचं असेल तर चप्पल. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे येतात. मापाचा नंबर फोनवर विचारू नका, कंपनीगणिक तो बदलतो. त्यांना कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची आखणी करायला सांगा आणि टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये कळवायला सांगा. चप्पल कोरीच न्या. तळव्याला माती लागलेली असली की ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विमानतळावर ती बाजूला काढतात. बर्फाच्या गावी ती बाहेर चालणार नाही, घरातल्या वापरापुरतीच सांगा. माणदेशी घोंगडी थंड देशात खरोखर कामी येते. मात्र ती झटकून, ऊन दाखवून, किडीचा मागमूस नसल्याची खात्री करून न्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळालं, पण भोपळ्याचं वाद्य भेट म्हणून आपणहून नेऊ नये. घरात गाणारं कुणी असेल आणि त्यांनी मागितलं असेल तरच, तेही कडक पेटीत.

प्रत्येक पुड्यावर इंग्रजीत नाव, घटक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. घरची, बिननावाची पिवळी-लाल पूड अधिकाऱ्यापुढे उभी राहिली की बोलताना तुमचीच पंचाईत होते. बिलं जपून ठेवा. अमेरिकेत पाहुणा म्हणून जाणाऱ्याला शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंवर जकात लागत नाही.

आणि फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं की 'हो' वरच खूण करा, पाव किलो हळद असली तरी. खरं सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर न्यूझीलंडमध्ये जागेवर चारशे न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे, अमेरिकेत तो दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

निघायच्या आदल्या रात्री शेजारपाजारचे 'एवढं आमच्या बंड्याला द्या' म्हणून शिवलेली पार्सलं घेऊन येतात. नाही म्हणणं जड जातं. घ्यायचं तर समोर उघडून, आत काय आहे ते बघून, आणि वर नको म्हटलेल्यातलं काही असेल तर तिथल्या तिथे परत देऊनच घ्या. विमानतळावर 'बॅग स्वतः भरली का' असं विचारतात, आणि त्या सामानाला जबाबदार तुम्हीच असता.