आधी सीटीआरआय क्रमांक, मग पहिला पेशंट

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी क्लिनिकल ट्रायल करणार असाल, तर एथिक्स कमिटीचं पत्र हातात पडताच सीटीआरआयच्या, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या भारतीय नोंदवहीतल्या, नोंदणीला लागा. पैसे पडत नाहीत, पण १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते. मागाहून होत नाही. तपासणाऱ्यांच्या शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात दिवस जातात. गाइडनी कितीही घाई केली तरी क्रमांक मिळेपर्यंत थांबा.

अर्जात खरा कस लागतो तो प्रायमरी आउटकमच्या, म्हणजे ट्रायलमध्ये मुख्यतः काय मोजणार याच्या, रकान्यात. समजा ट्रायल शिवशिवणाऱ्या दातांवरच्या उपचाराची आहे, तर ‘दात शिवशिवणं कमी होणं’ एवढ्याने भागत नाही. शिवशिवणं तपासायला हवेचा फवारा किती अंतरावरून, किती सेकंद मारणार, शेजारचे दात झाकणार का, पेशंट १० सेंटिमीटरच्या व्हीएएस पट्टीवर (त्रास किती ते दाखवायच्या रेघेवर) स्वतः खूण करणार का आणि कितव्या आठवड्यात, हे सगळं आधीच ठरवा. सॅम्पल साइजचा (किती पेशंट घ्यायचे याचा) हिशेबही याच मापावर बसतो. त्रास थांबला की पेशंट फिरकत नाही (दंतवैद्यांना हे वेगळं सांगायला नको), तेव्हा गळती धरूनच आकडा काढा. आणि एकाच पेशंटचे तीन दात घेतलेत, म्हणून ते तीन पेशंट मोजू नका.