शेतावर तळे करताय? आधी काठाचा विचार करा, या चुका टाळा

तळ्याचा जीव मधल्या खोल पाण्यात नसतो, काठावर असतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी, चिखल, लव्हाळे, पाणकणसाची दाटी: एवढ्याशा पट्ट्यात बेडूक अंडी घालतात, चतुरांच्या अळ्या वाढतात आणि वंचक बगळा तासन्‌तास मान आखडून उभा राहतो. पण पुणे, सातारा, अहिल्यानगर, नाशिक या भागांत फार्महाउसवर जी खासगी तळी झाली आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी काठच सापडत नाही. पोकलेनने मारलेला सरळ खड्डा, आत काळा प्लॅस्टिकचा कागद, भोवती तारेचे कुंपण. ठिबकला पाणी साठवायचे असेल तर तक्रार नाही. पक्षी यावेत, बेडूक ओरडावेत, मुलांनी काही बघावे म्हणून पैसे घातले असतील, तर मात्र तो हौद झाला.

शेततळ्याचा साचा जसाच्या तसा उचलणे

२०१६ साली राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि ३० बाय ३० बाय ३ मीटरचे तळे सगळ्यांच्या डोळ्यांत बसले. बाजूंना १:१ उतार धरला तर त्यात २१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. कमी जागेत जास्त पाणी, हा त्या आकाराचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. तोच उतार जिवांसाठी मात्र सापळा ठरतो. पाणी प्यायला उतरलेला ससा, मुंगूस, कोल्हा ओल्या प्लॅस्टिकवरून घसरतो आणि त्याला वर येता येत नाही. माणसांची मुलेही अशीच बुडतात, म्हणून ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगतो.

कागद घातलेले तळे आधीच असेल तर आजच एक काम करा. चारही कोपऱ्यांत जाड काथ्याच्या दोरीचे जाळे किंवा एकमेकांना बांधलेले ट्रॅक्टरचे जुने टायर तळापर्यंत सोडा. बांधायचे खुंट कागदाच्या बाहेर, भरावावर ठोका; कागदाला भोक पडता कामा नये. कोपरेच का, तर पडलेले जनावर भिंतीला धरून पोहत राहते आणि कोपऱ्यात येऊन थांबते. पाणी उन्हाळ्यात खाली जाते, त्यामुळे जाळे पाण्याच्या आजच्या पातळीपर्यंत सोडून भागत नाही.

नवे तळे करणार असाल तर निदान एक बाजू १:५ किंवा त्याहून सौम्य ठेवा. एक मीटर खाली जाईपर्यंत पाच मीटर लांबी, असा हिशोब. हा उतार वरच्या एका फुटापुरता देऊन पुढे कडा तोडू नका. ऑगस्टचा काठ आणि मार्चचा काठ एका जागी नसतो. पाणी कुठल्याही पातळीवर असले तरी त्याला उथळ कड मिळाली, तरच हिवाळ्यात तुतवार, धोबी आणि शेकाटे चिखलात चोच मारताना दिसतील. काठ नागमोडी ठेवला तर तेवढ्याच पाण्याला जास्त किनारा मिळतो. पोकलेनवाल्याला चौकोन सोपा पडतो, म्हणून तो चौकोनच सुचवेल. चुन्याची फक्की टाकून रेघ तुम्ही आखा आणि खोदाई संपेपर्यंत जागेवर थांबा.

पाण्याचा हिशोब नंतर करणे

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडते. त्यातले किती वाहून येईल, हे जमिनीवर ठरते. भुसभुशीत माती पहिले पाऊस पिऊन टाकते, मुरमाड उतार त्या मानाने लवकर वाहू लागतो. म्हणून आधी एक पावसाळा नुसते बघा: पाणी कुठून येते, कुठे थबकते, किती गढूळ असते.

पाणी किती उडून जाते, ही बाजू याहून महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये देशावर उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जाते. ऑक्टोबर ते मे धरले तर दीड मीटरच्या आसपास पाणी नुसते हवेत जाते. सगळे तळे दीड मीटर खोल केले तर ते होळीनंतर फार दिवस टिकणार नाही. एका टोकाला तीन मीटरचा डोह आणि दुसरीकडे सौम्य उतार, ही जोडी चालते.

पाणी आटले म्हणून बोअरवेल सुरू करणे मला अजिबात पटत नाही. आटणे हा आपल्याकडच्या तळ्यांचा स्वभाव आहे. बेडूक चिखलात आणि भेगांत दडून राहतात, पाणकिडे उडून दुसरीकडे जातात, उघड्या गाळावर गवत येते आणि पावसात तेच गवत बुडून बेडकांच्या पिल्लांना खाद्य आणि आडोसा देते. डोहात चार फूट पाणी उरले तरी पुरते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ओढा आडवा बांधून तळे करू नका. खालच्या शेतकऱ्यांचा त्या पाण्यावर हक्क असतो, शिवाय पहिल्याच मोठ्या पुरात भराव जातो. ओढ्याच्या बाजूला तळे घेऊन, परवानगी काढून, चराने पाणी आत घ्यावे. चराच्या तोंडाशी गाळ बसायला छोटा खड्डा ठेवला की मुख्य तळे लवकर भरून येत नाही. खोदलेला मुरूम शेताबाहेर न्यायचा असेल तर तो गौण खनिजात मोडतो. आधी तहसील कार्यालयात विचारा.

गळतीला घाबरून लगेच कागद आणणे

नवे मातीचे तळे पहिल्या वर्षी झिरपतेच. गाळ बसत जातो तशी ती झिरप कमी होते. खरी गळती किती, हे पाहायला एक बादली पुरते. बादली पाण्याने भरून तळ्याच्या उथळ भागात दगडावर अशी ठेवा की आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीवर राहील. दोन्हींकडे खूण करा. पाऊस नसताना आणि मोटर बंद ठेवून चार-पाच दिवस थांबा. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर ते बाष्पीभवन आहे. तळे बादलीपेक्षा जास्त उतरले, तर तेवढा फरक गळतीचा.

तळ मुरमाचा असेल तर काळी चिकणमाती थराथराने पसरून, पाणी मारून, रोलरने दाबावी लागते. काळ्या मातीचा तळ असेल तर प्रश्न वेगळा: ती सुकली की भेगाळते आणि पहिले पाणी त्या भेगांतून जाते. माती फुगली की भेगा आपोआप मिटतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या सरींत पाणी टिकले नाही म्हणून निराश होऊ नका.

भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसली तर झिरपणारे पाणी ओंजळीत घेऊन पाहा. स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर ते आतली माती घेऊन येते आहे. थांबायला वेळ नाही, पंप लावून पातळी उतरवा आणि जाणकाराला बोलवा. हे बहुतेक वेळा भराव बांधताना केलेल्या घाईचे फळ असते. मातीचे ढीग ओतले, वरून पोकलेन फिरवला आणि काम संपले. पायाचा चर खणून मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरूम, प्रत्येक थर ओला करून दाबलेला, एवढे तरी हवेच. भरलेल्या पाण्याच्या वर भराव निदान अर्धा-पाऊण मीटर उंच आणि सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, भरावावरून नव्हे, बाजूच्या पक्क्या, न खोदलेल्या जमिनीतून.

भरावावर झाडे लावू नका. मुळे पुढे कुजतात आणि त्यांच्या पोकळ्यांतून पाणी वाट काढते. तिथे हरळी आणि वाळाच बरा. करंज, जांभूळ, उंबर भरावापासून लांब घ्या. काठावर आपोआप आलेली बाभूळ, तिची एखादी फांदी पाण्यावर झुकलेली असेल, तर ती जपा. सुगरणींना घरटी टांगायला तीच आवडते.

जीव विकत आणणे

तळे भरले की लोक मासेवाल्याकडे आणि नर्सरीत धावतात. सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते, आणि ते नंतर निस्तरता येत नाही.

चिलापी नको. उजनी धरणात आज जाळ्यात भरभरून येते तीच ही, मूळची आफ्रिकेची. एकदा शिरली की हटत नाही. विदेशी मांगूर पाळायला देशात बंदीच आहे. गवत्या मासा शेवाळाच्या नावाखाली सोडतात आणि तो पाणवनस्पतींचा फडशा पाडतो. डासांसाठी गप्पी किंवा गंबुशिया सोडायचा सल्ला हमखास मिळेल. घराच्या हौदात गप्पी ठीक आहेत. तळ्यात मात्र हे मासे डासांच्या अळ्यांबरोबर इतर पाणकिडे आणि बेडकांची पिल्लेही खातात. डेंग्यूचा डास घराजवळच्या टाक्या, टायर, कुंड्यांमध्ये वाढतो. चतुरांच्या अळ्या फिरत असलेल्या तळ्यात त्याचे जमत नाही. तरी डास वाटले तर काठावर गुरांच्या खुरांचे खड्डे आहेत का ते पाहा. त्या वाटीभर पाण्यात कोणी शिकारी नसतो. गुरांना पाण्यावर यायला एकच दगडी वाट करून द्या.

माझे मत विचाराल तर छोट्या तळ्यात मासे सोडूच नयेत, निदान पहिली दोन वर्षे. बिनमाशांच्या पाण्यात बेडूक आणि चतुर जेवढे वाढतात तेवढे इतरत्र नाहीत. पहिल्याच पावसात राजबेडूक कुठून येतात ते कळत नाही. नर पिवळेधमक होऊन रात्रभर ओरडतात. एके काळी त्यांच्या तंगड्यांची परदेशात निर्यात होत असे, १९८७ मध्ये तिच्यावर बंदी आली.

जलपर्णी फुले सुंदर म्हणून एक रोपही आणू नका. बेशरमाची झुडपे काठावर लावू नका. कमळ हवेच असेल तर मोठ्या टबात लावून टब बुडवा, मोकळे सोडले तर उथळ तळे ते व्यापून टाकते. पाळून कंटाळलेली लाल गालांची कासवे तळ्यात सोडणे हाही जिवांवर उपकार नाही. ती परदेशी आहेत आणि आपल्या कासवांची जागा खातात. पांढरी पाळीव बदके फोटोत छान दिसतात, पण चार बदके काठचा सगळा हिरवा पाला ओरबाडून पाणी कायमचे गढूळ करतात.

हिरवे पाणी, आणि त्यावर मोरचूद

पाणी वाटाण्यासारखे हिरवे झाले म्हणजे त्यात खत जास्त झाले आहे. वरच्या उसाचा युरिया, कोंबडीखत, माशांना टाकलेले कुरमुरे आणि पोळ्या, कुठून तरी ते येते. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकला की शेवाळ मरते, पण गोगलगाई आणि मासेही मरतात. वर मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. पहाटे मासे तोंड वर काढून हापसताना दिसले तर हेच चालू असते. तेव्हा काही टाकू नका, खाऊ घालणे थांबवा आणि तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखे परत पाडा. कायमचा उपाय म्हणजे शेत आणि पाणी यांच्यात पाच-दहा मीटर गवताचा पट्टा.

दोरीसारखे शेवाळ हाताने काढता येते. काढलेला ढीग एक रात्र काठावरच ठेवा, अडकलेले जीव सरपटत पाण्यात परत जातात.

पावसाळ्यात साफसफाई

टिबुकलीचे घरटे म्हणजे पाणवनस्पतींचा ओला, तरंगता ढीग, एखाद्या देठाला अडकवलेला. अंड्यांवरून उठताना ती चोचीने भराभर ओला पाला ओढून अंडी झाकते आणि मग पाण्यात नाहीशी होते. लांबून बघणाऱ्याला तिथे कुजका कचरा अडकला आहे असेच वाटते. माळी दाताळ्याने तो ओढून काढतो आणि तळे ‘स्वच्छ’ होते. हळदी-कुंकू बदकही याच दिवसांत काठच्या उंच गवतात बसते. जुलै ते ऑक्टोबर काठाला हात लावू नये, गवत कापू नये, आणि कुत्री मोकळी सोडू नयेत.

बेट करायची हौस असते, तीही चांगली. पण बेट उथळ बाजूला केले तर डिसेंबरनंतर ते जमिनीला जोडले जाते. मग मार्च-एप्रिलमध्ये टिटवीने तिथे खड्यांत चार अंडी घातली, की मुंगूस चालत पोचते. बेट डोहाच्या बाजूला घ्या, माथ्यावर माती नको, खडी टाका.

रात्रभर जळणारे फोकस लावू नका. चतुराची अळी पाण्याबाहेर आलेल्या काडीवर अंधारात चढते, तिची पाठ उकलते आणि पंख वाळेपर्यंत तो जीव हलू शकत नाही. उजेडात तो सगळ्यांना दिसतो. त्या काड्या सुकल्या म्हणून उपटू नका. सकाळी त्यांवर चिकटलेल्या रिकाम्या काती मुलांना जरूर दाखवा.

बसायची जागा चुकवणे

गझिबो बहुतेक वेळा उथळ बाजूला, पाण्याला लागून बांधतात, म्हणजे नेमका पक्ष्यांच्या जागेवर. तो डोहाकडे हलवा. सकाळी बघायचे असेल तर बैठक पूर्वेला घ्या, सूर्य पाठीमागे राहतो आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. समोर बसलेला माणूस झाकेल एवढा तुराट्यांचा किंवा बांबूचा आडोसा, त्याला डोळ्यांच्या उंचीवर फटी. रोज त्याच वाटेने, त्याच जागी बसलात तर खंड्या तुमच्याकडे लक्ष देईनासा होतो. स्पीकर आणि पेडलबोट असलेल्या तळ्यावर बदके उतरत नाहीत.

गाळ एकदम काढणे

काही वर्षांनी गाळ काढावा लागेल. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमुळे गाळाचे मोल सगळ्यांना पटले आहे, आणि तळ्याचा गाळ शेताला सोनेच. मात्र एका उन्हाळ्यात निम्मेच तळे उकरा, उरलेले पुढच्या वर्षी. मऊ पाठीची कासवे आणि बेडूक त्याच चिखलात दडलेले असतात. ही कासवे कायद्याने संरक्षित आहेत. बकेटमध्ये आलेच तर उरलेल्या ओल्या भागात नेऊन ठेवा. चिकणमातीचा तळ लागला की तिथेच थांबा, आणखी खोल जायच्या नादात तो फोडला तर गळती नव्याने सुरू होते. काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आटपा, म्हणजे वळवाच्या पावसात मशीन अडकणार नाही.