भाषण नंतर, आधी झोपेचं विचारा

हाताखालचा माणूस ढेपाळला की पूर्वी मी त्याला समोर बसवून भाषण द्यायचो. आता आधी विचारतो: झोप झाली का, जेवलास का, घरी सगळं ठीक? बऱ्याचदा घोडं तिथंच पेंड खात असतं.

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये गरजांची उतरंड मांडली: शरीर, सुरक्षितता, आपलेपणा, मान आणि शेवटी स्वतःतलं सगळं फुलवणं. या गरजा पायऱ्यांसारख्या दाखवणारा तो प्रसिद्ध त्रिकोण मात्र त्याचा नाही, नंतरच्यांनी जोडला. तेव्हा पायऱ्या मोजत बसू नका. एक गरज पुरती भागल्याशिवाय दुसरी जागी होत नाही, असं तोही म्हणत नव्हता.

आमच्याकडची एक मुलगी अचानक अहवालात चुका करू लागली. मी प्रशिक्षण लावणार होतो (माझी जुनी खोड!). मग कळलं, तिचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि पुढचं कुणी बोललंच नव्हतं. मुदतवाढीचं पत्र हातात पडलं, आठवड्यात आकडे जुळायला लागले.

पोट आणि नोकरी शाबूत असेल तर डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेलं गरजांचं त्रिकूट बघा: स्वायत्तता, जमतंय ही जाणीव, नाती. काय हवं ते सांगा, कसं करायचं ते त्याच्यावर सोडा. नुसतं ‘छान’ म्हणू नका. ‘तिसऱ्या पानावरची चुकलेली बेरीज तू पकडलीस’ असं म्हणा.

स्वतःलाही हेच लावा. मी चिडचिडलो की आधी पाणी पितो, मगच ईमेलला उत्तर देतो.