पेट्रोलचं उष्मांक मूल्य आणि फोंड्याचा पाऊस

आमच्या फोंड्याच्या प्रयोगशाळेत बॉम्ब कॅलरीमीटरवर (बंद भांड्यात ऑक्सिजन भरून नमुना जाळायचा आणि उष्णता मोजायची, असं यंत्र) पेट्रोलचं उष्मांक मूल्य, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, कमीच यायचं, तेही दरवेळी वेगळं. यंत्र तपासायला जाळतात त्या बेन्झोइक आम्लाचा आकडा मात्र चोख: ग्रॅमला 26.4 किलोज्यूल. म्हणजे यंत्र ठीक. मग उघड्या मुशीत पेट्रोल घालून तराजूकडे बघत बसलो. शेवटचे अंक डोळ्यांदेखत उतरत होते. ऑक्सिजन भरेपर्यंत माल उडतोय! जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरलं, उडणं थांबलं. पण आषाढात जिलेटिन हवेतला ओलावा पितं, पापडासारखं मऊ पडतं. म्हणून कॅप्सूल ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट बंद कोरड्या भांड्यात, ठेवल्या, रिकाम्या जाळून त्यांची उष्णता मोजली, ती वजा केली. आता इथेनॉलविरहित पेट्रोल किलोला 46-47 मेगाज्यूल दाखवतं. पंपावरचं इथेनॉल मिसळलेलं त्याहून कमी, साहजिकच. इथेनॉल स्वतःच 30च्या आसपास.