कापडात पॉलिएस्टर आहे का ते घरच्या घरी कसं ओळखायचं आणि ते कुठं वापरायचं

मे महिन्यात भाच्याच्या मुंजीसाठी मी एक कुर्ता घेतला, दुकानदार म्हणाला प्युअर कॉटन, हाताला मऊ लागला म्हणून मीही विश्वास ठेवला, आणि मांडवात तासाभरात पाठीला असा चिकटला की कधी एकदा काढतो असं झालं. घरी येऊन शिवणीतली दशी काढून जाळली तर टोकाला कडक काळा मणी, म्हणजे पॉलिएस्टर! तेव्हापासून मी कापड तपासल्याशिवाय घेतच नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

आधी लेबल बघा, कॉलरमागे किंवा आत बाजूच्या शिवणीत असतं. ६७/३३ किंवा ६५/३५ असं लिहिलेलं असलं तर मोठा आकडा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. आपण ज्याला टेरिकॉट म्हणतो ते हेच मिक्स. टेरिलीन हे इंग्लंडमधल्या पॉलिएस्टरचं नाव, तिथे १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी हा धागा शोधला, त्या टेरिलीनमधलं टेरि आणि कॉटन मिळून टेरिकॉट.

लेबल नसेल तर कापड मुठीत घट्ट चुरगाळून दहा सेकंद धरा आणि सोडा. सुती असेल तर चुण्या तशाच राहतात, पॉलिएस्टर असेल तर लगेच सरळ होतं. मग पाण्याचा एक थेंब टाका. सुती कापड तो पिऊन टाकतं, पॉलिएस्टरवर तो बराच वेळ मण्यासारखा बसतो. पण कोऱ्या सुती कापडाला खळ असते, त्यावरही थेंब थांबतो, म्हणून ही परीक्षा एकदा धुतल्यावरच घ्या.

सगळ्यात खात्रीची परीक्षा दशीची. कापडाच्या कडेची एक दशी उभी आणि एक आडवी काढा, दोन्ही काढाच, कारण ताणा म्हणजे उभा धागा सुती आणि बाणा म्हणजे आडवा पॉलिएस्टर असं कित्येकदा असतं. बेसिनवर, चिमट्यात धरून, खिडकी उघडी ठेवून पेटवा, लहान मुलं जवळ नकोत. सुती दशी कागदासारखी भुरूभुरू जळते, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टरची दशी ज्योतीपासून आक्रसून मागे पळते, वितळते, काळा धूर सोडते, आणि थंड झाल्यावर टोकाला गोटा राहतो जो बोटांनी चुरडत नाही (गरम असताना हात लावू नका, चिकटतो). मिक्स असेल तर राखेत कडक खडे लागतात. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास. सेमी पैठणी घेताना हे जरूर करा, त्यात पॉलिएस्टर असणं चूक नाही पण भाव रेशमाचा देऊ नका.

आता वापर. शंभर ग्रॅम सुती कापड हवेतली सात-आठ ग्रॅम ओल धरतं, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, सगळं गणित इथंच आहे. म्हणूनच ते पटकन वाळतं, आकसत नाही, बुरशी धरत नाही, चुरगळत नाही, त्यामुळे रेनकोट, छत्री, दप्तर, पडदे, शिवणाचा दोरा आणि पावसाळ्यात एका रात्रीत वाळायला हवा असा शाळेचा युनिफॉर्म, यांना दुसरं चांगलं सापडणार नाही. आणि म्हणूनच घाम शोषत नाही, तेव्हा उन्हाळ्यात आतले कपडे, तान्ह्या बाळाची झबली, उशीचे अभ्रे सुतीच घ्या.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगतो. गॅससमोर आणि दिवाळीत फटाके वाजवताना पॉलिएस्टरचा झुळझुळीत ड्रेस, ओढणी घालू नका, मुलांना तर अजिबात नको. सुती कापडही पेटतं, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल जाते.

धुताना कोमट पाणी, कपडा उलटा करून. उकळतं पाणी ओतून पिळलंत तर पिळाच्या सुरकुत्या कायमच्या बसतात, कारण सत्तर-ऐंशी अंशाच्या पुढे हा धागा मऊ पडतो. युनिफॉर्मच्या स्कर्टच्या प्लीट्स टिकतात त्याही याच गुणामुळे, कारखान्यात उष्णता देऊन पक्क्या केलेल्या असतात. तेलाचा डाग पॉलिएस्टर जीव तोडून धरून ठेवतं, म्हणून डागावर आधी भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब चोळून दहा मिनिटं ठेवा आणि मगच मशीनमध्ये टाका. इस्त्री तिच्या चकतीवरच्या दोन टिंबांच्या वर नको, मध्ये पातळ सुती रुमाल ठेवून फिरवा, नाहीतर कापडाला चकाकी येते आणि ती परत जात नाही.