जर्नल मिटा, कांदा सोला

अकरावीच्या बायॉलॉजी प्रॅक्टिकलची उजळणी म्हणजे जर्नलची घोकंपट्टी, असंच बहुतेक मुलं धरून चालतात. मी ज्युनियर कॉलेजात प्रॅक्टिकल घेते आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेलाही बसते. ‘सॅफ्रानिन (पेशी रंगवायचा लाल रंग) कशाला?’ असं विचारलं की ‘मॅडम, रंग यायला’ एवढ्यावर गाडी अडते. म्हणून माझी पद्धत सांगते: जर्नल मिटायचं, स्लाइड स्वतः करायची आणि प्रत्येक पायरीला ‘हे नाही केलं तर?’ असं विचारायचं.

आधी मायक्रोस्कोप. आयपीस 10 आणि ऑब्जेक्टिव्ह 40 असेल तर गुणाकार करा: 400 पट. काही लॅबमध्ये ऑब्जेक्टिव्ह 45 चं असतं, तेव्हा 450. लेन्सवरचा आकडा वाचूनच आकृतीखाली लिहा, शेजारच्याच्या जर्नलमधून नको. सुरुवात लो पॉवरवर करा. हाय पॉवरला फक्त बारीक स्क्रू फिरवायचा. मोठा फिरवलात तर कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) गेलीच. स्लाइड डावीकडे सरकवली की प्रतिमा उजवीकडे पळते, हे एकदा हातानं करून बघा.

आता कांदा. मांसल पापुद्र्याच्या आतल्या, खोलगट बाजूची साल काढा. पापुद्रा काडकन मोडा आणि ओढा, साल आपोआप सुटते. ती पाण्यात ठेवा, वाळली की गुंडाळते. सॅफ्रानिनचा एक थेंब, मग जादा रंग धुवा, ग्लिसरीनचा थेंब टाका आणि कव्हरस्लिप सुईच्या आधारानं तिरकी, हळूहळू टेकवा. धपकन टाकलीत की हवा अडकते. जाड काळ्या कडेचे ते गोल बुडबुडे दर वर्षी कुणीतरी ‘पेशी’ म्हणून मन लावून काढतंच! खरी पेशी लांबट असते आणि तिच्यात रंगलेलं केंद्रक बहुधा कडेला दिसतं, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेनं (पेशीतल्या रसाच्या पिशवीनं) व्यापलेली असते.

पापुद्रा म्हणजे पानच, मग हिरवा का नाही? तो अन्न साठवतो, उजेडापासून दूर असतो, त्याच्या पेशींत हरितलवकं (हिरव्या रंगाचे कण) नसतात. आणि आकृतीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) दाखवू नका. या स्लाइडवर त्या दिसत नाहीत. जे दिसलं तेच काढा.

गालाच्या आतल्या पेशींना मिथिलिन ब्लू वापरतात. त्यांना पेशीभित्तिका (बाहेरचं ताठ आवरण) नसते, म्हणून कडा वेड्यावाकड्या, कधी दुमडलेल्या. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

वेळ द्यायचा तो प्लाझमोलिसिसला, म्हणजे पाणी गेल्यानं पेशीचा आतला भाग आक्रसतो त्याला. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल घ्या. रंग रिक्तिकेतलाच असतो, त्यामुळे वेगळा रंग लागत नाही. आधी पाण्यात बघा, मग मिठाचं तीव्र द्रावण घाला. जांभळा भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो. परासरणानं, म्हणजे तीव्र द्रावणाकडे ओढलं जाऊन, पाणी बाहेर गेलेलं असतं. व्हायवातला हमखास प्रश्न: भित्तिका आणि पटल (तिच्या आतलं पातळ आवरण) यांच्यामधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत काय असतं? हवा नाही, मिठाचं द्रावण, कारण भित्तिका त्याला अडवत नाही. अडवतं ते पटल. पुन्हा पाणी घाला, फार वेळ गेला नसेल तर पेशी परत फुगते. साल उकळून हाच प्रयोग केला तर काही आक्रसत नाही, कारण पटल निकामी झालेलं असतं. हे जोडीनं करून बघा, पुस्तकातली दोन पानं वाचायची वाचतील.

शेवटी मायटोसिस, म्हणजे पेशीचं विभाजन. कांद्याच्या मुळाचं फक्त टोक घ्या, वाढ तिथेच चालते. कोमट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि ॲसिटोकार्मिन या लाल रंगानं गुणसूत्रं रंगतात. कांद्याची गुणसूत्रं 16. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच (दोन विभाजनांमधल्या काळात) दिसतील, घाबरू नका. विभाजनाचा काळ त्यामानानं थोडा असतो. मेटाफेज (गुणसूत्रं मध्यावर रांगेत येतात ती अवस्था) शोधताना लो पॉवरवर आधी दाट रंगलेल्या, चौकोनी, लहान पेशींचा भाग गाठा. लांबट पेशी दिसू लागल्या तर तुम्ही टोकापासून वर सरकला आहात.