मनी प्लांटला चढायला द्या, मग पानं बघा

मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम ही सगळी अळूच्याच कुळातली, आणि जंगलात झाडाचं खोड सापडलं की ते धरून उजेडाकडे चढत जायचं हा यांचा स्वभाव. चढणाऱ्या वेलीची पानं मोठी होत जातात, लोंबणाऱ्या वेलीची बारीक. आपण मात्र पानं बारीक झाली की खत ओतत बसतो. खत राहू दे, आधी आधार द्या.

सुरुवात कटिंगपासून, म्हणजे नवं रोप करायला वेलीचा तुकडा कापण्यापासून. पान जिथे खोडाला जोडलेलं असतं तिथे गाठ असते, ते पेर, आणि त्याच्याजवळ एक तपकिरी टोक आलेलं दिसेल, बोटाला कडक लागतं, तेच हवाई मूळ. पेराच्या बोटभर खाली कापा आणि तो तुकडा पाण्यात ठेवा. पेराशिवाय नुसतं पान पाण्यात ठेवलं तर ते बरेच दिवस हिरवं राहतं, पण त्याची वेल कधीच होत नाही. पाणी ३-४ दिवसांनी बदला, मुळं २ इंच झाली की कुंडीत लावा.

कुंडीला भोक हवंच. नुसती माती घट्ट बसते आणि मुळं कुजतात म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे हलके खडे), झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडं गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण करा.

मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेली आधाराची काठी, कुंडी भरतानाच रोवा, नंतर खुपसली की मुळं तुटतात. हवाई मुळांची बाजू काठीला टेकवून खोड सैलसर बांधा, देठ अजिबात बांधू नका, पान उजेडाकडे वळवायचं काम देठच करतो. आणि काठी ओली ठेवा, खरं सांगायचं तर सगळं यावरच आहे, कोरड्या काठीत मुळं शिरतच नाहीत. नुसता स्प्रे पुरत नाही, वरून हळूहळू पाणी सोडा.

जागा खिडकीजवळची, दुपारचं थेट ऊन नको. कुंडीतली वरची २ इंच माती सुकली की पाणी. मॉन्स्टेराच्या कोवळ्या रोपाला भोकांची पानं येत नाहीत, तेव्हा घाबरू नका, उजेड वाढवा आणि थांबा. या वेलींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते, त्यामुळे लहान मुलं, मांजर, कुत्रा यांच्यापासून लांब.

वेल काठीच्या वर गेली की शेंडा २-३ पेरांसकट कापून नव्या काठीवर लावा, खालच्या खोडाला पुन्हा फुटवा येतो.